पापणीसाठी परदेश

शस्त्रक्रियेसाठी गाव सोडणे ही हिंगोली जिल्ह्यातील माणसाला नवी गोष्ट नाही. निजामी राजवटीत बडा इलाज म्हणजे हैदराबाद, असे समीकरण होते. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तरी ती वाट एकदम बुजली नाही. 1988 मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा ती थोडी आखूड झाली. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, परंतु जिल्हा वेगळा झाला म्हणून मोठे इस्पितळ लगोलग उभे राहत नसते. सेनगाव-कळमनुरीच्या रुग्णाने नांदेड, अकोला, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) किंवा मुंबई गाठावी, हा क्रम चालूच राहिला.

या सर्व प्रवासांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असे. रुग्ण एकटा जात नसे. बरोबर भाऊ, मेहुणा, गावातला एखादा जाणता, भाकरीचे गाठोडे आणि पाण्याची कळशी एवढा लवाजमा असे. इस्पितळाच्या ओसरीवर रात्र काढणारी ही मंडळी वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नोंदलेली नाहीत. पण शस्त्रक्रियेनंतरची निम्मी शुश्रूषा त्यांनीच केलेली आहे.

या पार्श्वभूमीवर, परदेशी एकट्याने जाऊन पापणीची सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेण्याचा प्रघात पाहिला पाहिजे. सोल, बँकॉक, इस्तंबूल ही नावे आज वसमत किंवा औंढ्याच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही परकी नाहीत. हातातल्या दूरध्वनीवर शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन चेहरे शेजारी शेजारी दिसतात. खाली दर असतो, विमानतळावरून नेण्याची हमी असते आणि चार दिवसांच्या मुक्कामाची सोय असते. दोन चेहऱ्यांच्या मध्ये जे घडते ते तेवढे दाखविलेले नसते.

मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरील कातडी झाकणालाही लावतात आणि त्याच्या काठावरील केसांनाही. भाषेने हा भेद केला नाही. शल्यविशारदाला मात्र तो करावाच लागतो. जगातील या शस्त्रक्रियेचा एक अतिप्राचीन उल्लेख नेमका या दोहोंच्या भांडणातून आला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे, म्हणजे वर्त्माचे, एकवीस रोग सांगितले आहेत. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासू लागतात त्या विकारावर, भुवई आणि केसांची ओळ यांच्यामधील कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा काढून ती जखम केसाने शिवावी, असा विधी तेथे आहे. आजचा शल्यविशारद वरच्या पापणीची सैल कातडी काढतो तेव्हा तो जो आकार आखतो तो या जवाहून फार निराळा नसतो. हेतू निराळा असतो, इतकेच. सुश्रुताचा रुग्ण दृष्टी वाचवू पाहत होता.

मराठवाड्याच्या धुळीत आणि उन्हात हा विकार पुस्तकी नव्हता. खुपऱ्यांनी पापणी आतून आक्रसत जाते, केस आत वळतात आणि प्रत्येक उघडझाप बुबुळावर ओरखडा काढते. चिमट्याने केस उपटून घेणाऱ्या वृद्धा पूर्वी अनेक गावांत असत. 1963 मध्ये देशात खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 1976 मध्ये अंधत्व-नियंत्रणाचा व्यापक कार्यक्रम आला. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग भारतातून दूर झाल्याचे मान्य केले. पापणीवरील शस्त्रक्रिया गरजेकडून हौसेकडे वळावी, एवढे सुख एका पिढीच्या वाट्याला आले, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे.

चेहऱ्याच्या शल्यकर्मासाठी परदेशी जाणाऱ्याने आणखी एक इतिहास लक्षात घेतला तर गंमत वाटेल. ही विद्या एकेकाळी उलट्या दिशेने, पुण्याहून लंडनला, गेली. टिपूविरुद्धच्या 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाव पारशी वळणाचे असले तरी इंग्रजी वृत्तान्त त्याला मराठा शेतकरी म्हणतो. सुमारे वर्षभर बिननाकाने काढल्यावर पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ साचा कपाळावर पसरून त्याभोवती रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग ती पिळून खाली आणायची, काताच्या लेपाने कापडाचे थर बसवून चिकटवायची आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी छेदायची. त्या कारागिराला रक्ताभिसरणाचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण पट्टी जोडलेली ठेवल्याशिवाय कातडी जगत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेला हा प्रकार ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू याने 1814 मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. चित्रातील कावसजीचे नाव राहिले. कारागिराचे नाव कोणी विचारले नाही.

पुढे 1818 मध्ये जर्मन शल्यविशारद ग्रेफे याने पापणीच्या पुनर्रचनेला स्वतंत्र शास्त्रीय नाव दिले. 1896 मध्ये मिकामो या जपानी डॉक्टरने घडी नसलेल्या पापणीवर घडी निर्माण करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. कोरियन युद्धानंतर मिलार्ड हा अमेरिकी शल्यविशारद भाजलेल्या-जखमी लोकांच्या शुश्रूषेसाठी तेथे होता. त्याने तीच शस्त्रक्रिया आपल्या पद्धतीने केली आणि 1955 मध्ये तिच्यावर लिहिले. युद्धाच्या जखमा शिवण्यासाठी आलेली विद्या तोंडवळा बदलण्याच्या कामी लागली आणि आज सोलच्या गंगनाम भागात तिची बाजारपेठ भरली आहे. भारतातल्या बहुतेकांच्या पापणीला मुळातच घडी असते. तेव्हा इकडून जाणाऱ्याची मागणी बहुधा वेगळी असते: डोळ्यांखालच्या पिशव्या, सैल झालेली कातडी, किंवा एक डोळा दुसऱ्याहून लहान दिसणे.

यातला शेवटचा प्रकार फार महत्त्वाचा आहे. जन्मतःच एक पापणी खाली आलेले मूल आपल्याकडे ‘त्याचा डोळा जरा बारीक आहे’ एवढ्यावर सोडून दिले जाते. पापणीने बाहुली झाकली, तर त्या डोळ्याची दृष्टी वाढीच्या वयातच मंद राहते आणि पुढे पापणी कितीही सुरेख उचलली तरी गेलेली नजर परत येत नाही. मोठ्या माणसाची पापणी सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी उतरते, तेव्हा स्नायूंना थकवणारा विकार असू शकतो. पापण्या सुजल्यासारख्या दिसण्यामागे कंठग्रंथीचा दोष असू शकतो. यांपैकी काहीही असले, तर ती सौंदर्याची बाब राहत नाही आणि त्यासाठी समुद्र ओलांडण्याचेही कारण उरत नाही. नेत्ररोगतज्ज्ञाची एक भेट हा या साऱ्या प्रवासाचा पहिला टप्पा असायला हवा. परगावच्या दलालाचा हिशेब तेथून सुरू होत नाही.

महाराष्ट्रात ही विद्या नव्हती असेही नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी या शाखेचे काम उभे केले. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिज यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस श्रीमंतांच्या सुरकुत्यांमागे न लागता कुष्ठरुग्णांकडे वळला. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही. माणूस उघड्या डोळ्याने झोपतो, बुबुळ वाळते आणि फुटते. कानशिलाचा स्नायू वळवून आणून ती पापणी पुन्हा मिटती करायची, हे शल्यकर्म अशा रुग्णांसाठी वरदान ठरले. चावताना पापणी मिटते, म्हणून रुग्णाला दात आवळून डोळा मिटण्याचा सराव करावा लागतो. हैदराबादला 1987 साली स्थापन झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतही पापण्यांच्या शल्यकर्माचा स्वतंत्र विभाग आहे. किंबहुना परदेशांतून दरवर्षी लाखो लोक उपचारांसाठी भारतात येतात.

मग येथला माणूस बाहेर का जातो? दर हे एक कारण असेल, झगमगाट हेही असेल. पण खरे कारण बहुधा तालुक्याच्या गावात आहे. तेथे कोणी कोणत्या दवाखान्याची पायरी चढले, हे संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत कळते. डोळ्याखाली निळी सूज घेऊन शाळेत गेलेल्या शिक्षिकेला काय काय विचारले जाईल, याची कल्पना शिक्षकवर्गाला सहज येईल. लग्नाच्या बाजारात मुलीचा रंग, उंची, नाकडोळे यांची उघड चर्चा करणारा समाज, तीच मुलगी डोळ्यांवर पैसे खर्च करू लागली की तिला छचोर ठरवतो. म्हणून ती रजेच्या अर्जावर दुसरेच कारण लिहिते आणि एकटी निघते. परदेशाचे पहिले आकर्षण तेथे ओळखीचे कोणी नाही हे असते.

दुसरे कारण सहीचे. आपल्या इस्पितळांत प्रौढ स्त्रीलाही ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न आधी विचारतात आणि संमतिपत्रावर नवऱ्याची किंवा वडिलांची सही मागतात. वस्तुतः 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती. आईने दिलेली संमतीही तिची जागा घेऊ शकत नाही. निकाल लागून वर्षे लोटली, पण खिडकीवरचा कागद बदलला नाही. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा बोटीवर निदान मिशनरी बायांची सोबत होती. आणि त्या गेल्या त्या लपून नव्हे, भर सभेत आपली कारणे सांगून. आज लपून जाण्याची पाळी येते हा काळाचा उपहासच म्हटला पाहिजे.

एकटे जाणे हा कोणाचाही हक्क आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री एकटे असणे ही मात्र निराळी बाब. पापणीची शस्त्रक्रिया लहान समजली जाते, आणि बहुतेक वेळा ती लहानच असते: जागा बधिर करून तासा-दोन तासांत संपणारी, पाच-सात दिवसांत टाके निघणारी. परंतु क्वचित डोळ्यामागच्या पोकळीत रक्त साचते. डोळा बाहेर ढकलल्यासारखा होतो, ठणका असह्य होतो, नजर अंधुक होत जाते. आणि दाब तासा-दोन तासांत मोकळा केला नाही, तर दृष्टिनाडी कायमची दगावू शकते. हा धोका मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत असतो. म्हणजे रुग्ण नेमका हॉटेलच्या खोलीत पट्टी बांधून पडलेला असतो तेव्हा. परभाषेच्या गावी, रात्री दोन वाजता, अंधुक दिसणे पट्टीमुळे आहे की डोळ्यामुळे, हे एकट्या माणसाने ठरवायचे आणि कोणाला तरी ते पटवूनही द्यायचे. ओसरीवर झोपणारा मेहुणा येथे आठवतो.

दुसरे संकट सावकाश येते. कातडी गरजेपेक्षा जास्त काढली गेली, तर पापणी पुरती मिटत नाही. कुष्ठरुग्णाचा जो हाल अंटियांनी दुरुस्त केला, तोच पैसे मोजून विकत घेतल्यासारखे होते. हे पहिल्या आठवड्यात सुजेमुळे कळतही नाही. सूज उतरायला काही आठवडे आणि खरा आकार दिसायला काही महिने लागतात. तोवर विमान केव्हाच परतलेले असते.

पैशाने गजबजलेल्या देशातही देखरेख आपोआप येत नाही, याचा दाखला दक्षिण कोरियानेच दिला आहे. 2016 मध्ये सोलच्या एका दवाखान्यात जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाने एक तरुण दगावला. ठरलेला शल्यविशारद शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून गेल्याचे त्याच्या आईने चित्रफितीवरून शोधून काढले आणि वर्षानुवर्षे लढा दिला. सप्टेंबर 2023 पासून त्या देशात बेशुद्धावस्थेतील शस्त्रक्रिया रुग्णाने मागितल्यास कॅमेऱ्यात टिपण्याची सक्ती झाली. पापणीची शस्त्रक्रिया पुष्कळदा जागा बधिर करून होत असल्याने तिला हे संरक्षण मिळेलच असे नाही. भारतात 1995 च्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. परंतु सोलच्या डॉक्टरला मराठवाड्यातील ग्राहक आयोगापुढे उभे करणे कागदावरही अवघड आहे.

परत आल्यावर टाके, कोरडा डोळा, कमी-जास्त उचललेली पापणी हे सारे येथल्याच डॉक्टरापुढे येते, आणि त्याच्या हाती दुसऱ्याच्या कामाचा एकही कागद नसतो. कोणती कातडी किती काढली, चरबीला हात लावला की नाही, कोणते टाके घातले, याची सही-शिक्क्याची नोंद, आणि शस्त्रक्रियेपूर्वीची अश्रुपरीक्षा व छायाचित्रे, एवढे तरी निघण्याआधी मागून घ्यावे लागते. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे न विचारणाऱ्या दवाखान्याबद्दल तर तेथेच संशय घ्यावा.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे नाव आहे. तेथे शिकणाऱ्या पहिल्या तुकडीला डॉक्टर होऊन बाहेर पडायला 2030 उजाडेल आणि पापण्यांचा तज्ज्ञ जिल्ह्यात बसायला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागेल. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवरचा ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न बदलायला मात्र इमारतीची वाट पाहावी लागत नाही. आलेली बाई कारण सांगेल ते ऐकून घ्यावे, तिची पापणी तपासावी आणि संमतिपत्रावर तिचीच सही घ्यावी, एवढे उद्या सकाळीही होऊ शकते.