मधुमेही पायाची जखम आणि शस्त्रक्रिया

मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली आणि तो इस्पितळात गेला की डॉक्टर पाय कापतात, असा समज गावोगावी रुजलेला आहे. या धास्तीने रुग्ण हळदीचा लेप लावून घरी बसतो, आणि अखेर इस्पितळात पोहोचतो तेव्हा पुष्कळदा पाय कापण्यावाचून गत्यंतर उरलेले नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, प्रौढांमध्ये २६.४ टक्के, गोव्यात आढळले. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. चैत्रात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजला तरी कळत नाही. चपलेतला खडा टोचत नाही. बोटाखालच्या भोवरीच्या आत जखम वाढत असते आणि माणूस तिच्यावरच भार देऊन चालत राहतो. दुखत नाही म्हणजे किरकोळ, हा रोजच्या व्यवहारातला नियम येथे अगदी उलटा आहे.

पाय वाचविणारी शस्त्रक्रिया म्हणजे प्रथम साफसफाई. शल्यचिकित्सक मृत मांस व जाड झालेली कातडी काढतात आणि साठलेल्या पुवाला वाट करून देतात. तळव्यातला पू कंडरांच्या कडेने वर सरकतो. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. हाडापर्यंत दोष गेला असल्यास तेवढे हाड किंवा एखादे बोट काढावे लागते. बोट गमावलेला माणूस पुन्हा शेतात जाऊ शकतो. पाय गमावलेल्याचे तसे नाही.

जखम भरून येण्यास रक्त पोहोचले पाहिजे. पावलाची नाडी लागत नसेल तर रोहिणी अरुंद झाल्याची शंका घेऊन तपासणी होते. मग फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करतात, किंवा रुग्णाचीच नीला जोडून रक्ताला वळणमार्ग देतात. जखम स्वच्छ झाल्यावर गरजेनुसार त्वचारोपण होते. बोट वाकून त्याच्या टोकाला व्रण पडत असेल, तर बारीक छेद देऊन कंडरा सैल करणे एवढेही पुरते.

मात्र जखमेवरचा भार काढला नाही तर हे सारे व्यर्थ. त्यासाठी पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालतात, म्हणजे भार सर्व तळव्यावर विभागला जातो. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी हे प्लास्टर प्रथम वापरात आले. वेल्लोर येथे १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे मधुमेही पायांसाठीही त्याचा पुरस्कार केला.

प्रत्येक पाय वाचतोच असे नाही. परंतु लाली, सूज, दुर्गंधी, ताप किंवा बोट काळे पडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी नजीकच्या आरोग्य केंद्रात जावे. तेथून गरजेप्रमाणे जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले जाते.