गाडी सगळ्यांची एकच, मग ‘प्रेमा’ पुढे कशी?

2019 साली फॉर्म्युला थ्रीचा मोसम संपला, तेव्हा गुणतक्त्यातली पहिली तीन नावं एकाच संघाची होती. रॉबर्ट श्वार्त्झमन, मार्कस आर्मस्ट्राँग आणि तिसरा आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला. ट्रॅकवर दहा संघ आणि तीस गाड्या, पण वरच्या तिन्ही जागा इटलीच्या ‘प्रेमा’ संघाकडे. तेव्हापासून एक वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे: “त्यांची गाडीच भारी असणार!”

हाच सगळ्यात मोठा गैरसमज. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो, म्हणून सगळीकडे तसंच असेल असं आपण धरून चालतो. त्याखालच्या फॉर्म्युला टू आणि थ्री या पायऱ्यांवर मात्र सांगाडा सगळ्यांना डालारा कंपनीचा, इंजिन मेकाक्रोमचं आणि टायर पिरेलीचे. इंजिन सीलबंद येतं, संघाला ते उघडायची मुभा नाही. ‘प्रेमा’ने जिंकलेली गाडी आणि शेवटच्या क्रमांकावरची गाडी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेली असते.

मग फरक पडतो कुठे? जमिनीपासून गाडीची उंची किती ठेवायची, पंखांचा कोन किती, चाकांचा कल किती, टायरमध्ये हवा किती, या बारीकसारीक गोष्टींत. त्यातही टायर फार नाजूक प्रकरण आहे. या स्पर्धांमध्ये टायर आधी तापवून ठेवण्याची ब्लँकेटं वापरता येत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरला ते चालवता चालवताच तापवावे लागतात. पात्रता फेरीत जोर कमी लावला तर टायर थंड राहतो आणि वळणावर पकड मिळत नाही, जास्त लावला तर शेवटच्या वळणापर्यंत मागचे टायर दम सोडतात. टायरची खरी पकड एक-दोन फेऱ्यांपुरतीच. तेवढ्यात ट्रॅकवर मोकळी जागाही मिळाली पाहिजे. तीस गाड्यांच्या गर्दीत ड्रायव्हरला नेमक्या कोणत्या क्षणी बाहेर सोडायचं, हे पिटमधल्या माणसाला कळावं लागतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. फॉर्म्युला थ्रीमध्ये एका संघाच्या तीन गाड्या असतात. गाडी परत आली की तिच्या नोंदी संगणकावर उतरवतात आणि तिघांचे आलेख एकावर एक ठेवून पाहतात. अमुक वळणावर मार्कस आपल्यापेक्षा पाच मीटर उशिरा ब्रेक दाबतो, हे जेहानला तिथे स्पष्ट दिसतं. तिघेही तयारीचे असले, की एकमेकांकडून शिकत तिघेही वर जातात. 2019च्या त्या तक्त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

“‘प्रेमा’ हा घरचा संघ, म्हणजे बापलेकांचं हौसेचं गॅरेज,” असंही लोकांना वाटतं. आंजेलो रोझिन यांनी जोर्जो पिक्कोलो यांच्यासोबत 1983 साली उत्तर इटलीतल्या विचेन्झा भागात हा संघ उभा केला. पत्नी ग्राझिया त्रोंकॉन कामात होत्या, पुढे मुलगा रेने यांनी सूत्रं हाती घेतली. इथवर गोष्ट घरगुतीच आहे. पण फॉर्म्युला फोरपासून फॉर्म्युला टूपर्यंतच्या पायऱ्या, शिवाय सहनशक्तीच्या लांब शर्यती आणि 2025मध्ये अमेरिकेतली इंडीकार, एवढा पसारा एका कुटुंबाच्या पैशावर चालत नाही. कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांनीही एकेकाळी यात हिस्सा घेतला होता. त्यांचा मुलगा लान्स याच संघाकडून 2014 साली इटलीच्या फॉर्म्युला फोरचा आणि 2016 साली युरोपियन फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर पालकांचा एक भ्रम दूर करायला हवा. आपल्याकडे, अगदी कोल्हापुरातही, कार्टिंगच्या ट्रॅकवर मुलांना घेऊन येणारे आईवडील दिसतात. मोठ्या संघाने निवड केली की पगार सुरू होतो, असं त्यांतल्या अनेकांना वाटतं. या खालच्या पायऱ्यांवर व्यवहार उलटा आहे. जागेचे पैसे ड्रायव्हरने आणायचे असतात: घरातून, प्रायोजकांकडून किंवा फेरारी, मर्सिडीज, रेड बुल यांच्या युवा योजनांतून. दारूवालालाही काही काळ रेड बुलच्या योजनेचा आधार होता. हे आधीच माहीत असेल तर घर गहाण ठेवण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करेल.

“विजेतेपद नाही तर फॉर्म्युला वन नाही,” हेही खरं नाही. शार्ल लक्लेर 2017 साली आणि ऑस्कर पियास्त्री 2021 साली ‘प्रेमा’तून फॉर्म्युला टू जिंकून वर गेले, हे बरोबर. पण 2024 साली नवी गाडी आली आणि संघाला ती पटकन उमगली नाही. किमी अँटोनेली सहावा आला, ऑलिव्हर बेअरमन बारावा. पुढच्या वर्षी दोघेही फॉर्म्युला वनमध्ये होते. एक अवघड वर्ष पाहून वरच्यांनी त्यांना नाकारलं नाही. अँटोनेलीचा मुंबईशीही एक धागा आहे: 2023 साली त्याने फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट स्पर्धा जिंकली ती मुंबई फाल्कन्स संघाच्या गाडीतून.

एका स्पर्धेत निष्णात असलेला संघ दुसरीकडेही लगेच जिंकतो, हा समज इंडियानापोलिसने खोडून काढला. इंडीकारमधल्या 2025च्या ‘इंडी 500’ शर्यतीसाठी नवख्या श्वार्त्झमनने नवख्या ‘प्रेमा’साठी ताशी 370 किलोमीटरहून अधिक सरासरी वेग काढत पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवली. नवख्या ड्रायव्हरला हा मान 1983नंतर प्रथमच मिळत होता, म्हणजे ज्या वर्षी संघाचा जन्म झाला त्या वर्षानंतर! पण प्रत्यक्ष शर्यतीत पिटमध्ये येताना त्याची गाडी थांबली नाही, ती आपल्याच मेकॅनिकांवर गेली आणि त्याची शर्यत तिथेच संपली. इंडीकारच्या त्या मोसमात संघाला एकही शर्यत जिंकता आली नाही. पात्रतेसाठी एकट्याने काढायच्या चार वेगवान फेऱ्या वेगळ्या, आणि दोनशे फेऱ्यांत पुन्हा पुन्हा पिटमध्ये येऊन इंधन व टायर घेणं वेगळं. अमेरिकी संघांच्या मेकॅनिकांना त्याची वर्षानुवर्षांची सवय असते.

दारूवाला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरू शकला नाही, म्हणून त्याची सगळी धडपड वाया गेली असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. सप्टेंबर 2022मध्ये मोंझाला फॉर्म्युला टूची मुख्य शर्यत त्याने ‘प्रेमा’च्या गाडीतून जिंकली. विजयमंचावर आधी ड्रायव्हरच्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं, मग संघाच्या देशाचं. त्या दिवशी ‘जन गण मन’ झालं आणि पाठोपाठ इटलीचं राष्ट्रगीत सुरू झालं. खाली लाल शर्टातले मेकॅनिक वर बघत उभे होते.