खाडीखालचा बारभाई कारभार

बोगदा खणणे म्हणजे खडकाशी झुंजणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याची हकीकत पाहिली म्हणजे ती अर्धीच खरी ठरते. फ्रान्सच्या बाजूस पाझरणाऱ्या पाण्याने सतावले खरे. पण खडूच्या दगडाचा तो थर एकंदरीत यंत्रांना मानवणारा होता. १ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही किनाऱ्यांकडून आलेले सेवा-बोगदे समुद्रतळाखाली एकमेकांस मिळाले, तेव्हा त्यांच्यातील आडवा फरक ३५८ मिलिमीटर आणि उभा फरक अवघा ५८ मिलिमीटर भरला. काम करणाऱ्या संस्थांचे सांधे मात्र इतक्या नेमकेपणाने जुळले नाहीत.

याचे मूळ प्रारंभातच होते. दोन्ही देशांनी १२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरी येथे तह केला आणि सरकारी पैसा न घालता खाजगी भांडवलावर हे काम सोपविले. ज्या मंडळींनी ते पत्करले त्यांत पाच इंग्लिश आणि पाच फ्रेंच बांधकाम कंपन्या होत्या, व त्यांच्या जोडीला काही बँका. याच दहा कंपन्यांनी 'ट्रान्समाँश लिंक' या नावाने बांधकामाचा ठेकाही घेतला. म्हणजे घर बांधविणारा आणि गवंडी एकाच कुटुंबातले! ठेका ठरला ऑगस्ट १९८६ मध्ये. मालक कंपनी 'युरोटनेल' हिचे भाग सर्वसामान्य जनतेला विकले गेले नोव्हेंबर १९८७ मध्ये. ज्यांची पुंजी पणाला लागायची होती, ते भागधारक करार होताना जागेवर नव्हतेच. पुढे मालकाने स्वतंत्र बाणा धरला आणि किमतीची खरी घासाघीस काम अर्ध्यावर असताना सुरू झाली.

मराठीत 'बारभाईचा कारभार' असे थट्टेने म्हणतात. पण पुण्याच्या बारभाईंना निदान एकच दरबार सांभाळायचा होता. येथे कर्ज देणाऱ्या बँकाच दोनशेंहून अधिक होत्या. त्यांशिवाय दोन्ही सरकारांचा संयुक्त आयोग होता आणि त्याला सल्ला देणारे सुरक्षा मंडळ होते. या आयोगाचे स्थान मोठे चमत्कारिक. त्याला हुकूम देण्याचा अधिकार होता, पण हुकमाचा खर्च त्याच्या अंगावर पडत नसे. मोटारी वाहून नेणाऱ्या गाड्यांतील आतले दरवाजे ६०० मिलिमीटर रुंदीचे योजले होते. आयोगाने ते ७०० करावयास लावले. आग लागली असता माणूस चटकन बाहेर पडावा, हा हेतू कोणीही मान्य करील. परंतु आराखडे झाल्यावर आलेल्या या दहा सेंटिमीटरांनी डब्यांची रचना बदलली, वेळ आणि पैसा दोन्ही खाल्ले.

वाद होणार हे करार लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. तंटा प्रथम तीन तज्ज्ञांपुढे जावा, तेथे न मिटल्यास ब्रुसेल्सच्या लवादापुढे, आणि इंग्लिश व फ्रेंच कायद्यांत जी तत्त्वे समान असतील त्यांवरून निकाल व्हावा, असे कलम त्यांनी घातले. त्याची कसोटी लागली ती गारव्याच्या प्रश्नावर. धावत्या गाड्यांनी बोगद्यातील हवा तापते, म्हणून थंड पाण्याचे नळ आतून फिरवावे लागले. हे काम मूळ ठेक्यात नव्हते. त्याच्या मोबदल्यावरून १९९१ मध्ये ठेकेदारांनी काम थांबविण्याची धमकी दिली, आणि मालकाने मनाई हुकमासाठी लंडनच्या न्यायालयात धाव घेतली. जानेवारी १९९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहाने, सांगितले की असा हुकूम देण्याची सत्ता न्यायालयास आहे. पण उभय पक्षांनी समजून उमजून दुसरा मार्ग निवडला असता ती येथे वापरणे उचित नाही. व्यापारी लवादांच्या अभ्यासकांना हा निवाडा आजही उपयोगी पडतो.

६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ व अध्यक्ष मित्तराँ यांनी बोगद्याचे उद्घाटन केले. खर्च अंदाजाच्या सुमारे ८० टक्के वर गेला होता. लंडनहून पॅरिसला जाणारी उतारूंची पहिली नियमित गाडी मात्र त्या समारंभानंतर सहा महिन्यांनी, १४ नोव्हेंबर रोजी सुटली.