कवकांचे निसर्गातील कार्य आणि मानवी आरोग्य

पावसाळ्याच्या दिवसांत शिळ्या भाकरीवर किंवा पावावर कापसासारखी पांढरी बुरशी धरते आणि पुढे तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उमटतात. गृहिणी तो तुकडा टाकून देते व तिच्यापुरता प्रश्न मिटतो. कवकविज्ञानाच्या अभ्यासकाचा प्रश्न मात्र तेथे सुरू होतो. अशा अन्नावर वाढणारे कवक पुष्कळदा ऱ्हायझोपस या वंशातील असते. आणि याच वंशातील ऱ्हायझोपस अऱ्हायझस ही जाती २०२१ साली भारतात हजारो रुग्णांचे डोळे, जबडे व प्राण हिरावून घेणाऱ्या म्यूकरमायकोसिस या रोगाचे प्रमुख कारण ठरली. मातीत व कुजक्या पदार्थांत निरुपद्रवीपणे राहणारा जीव मनुष्यदेहात एवढा घातक का ठरावा, आणि त्याच्यावरील औषधे इतकी मोजकी का असावीत, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कवकाची जीवनपद्धती

कवकांची गणना पूर्वी वनस्पतींत होत असे. ती एका जागी स्थिर असतात व त्यांच्या पेशींना भित्ती असते, एवढ्यावरून हे वर्गीकरण रूढ झाले होते. परंतु कवकांत हरितद्रव्य नसते, आणि त्यांची पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोजची नसून तिच्यात कायटिन असते. हेच द्रव्य कीटकांच्या कवचातही सापडते. १९६९ साली व्हिटेकर यांनी कवकांना स्वतंत्र सृष्टीचे स्थान दिले. पुढे १९९० नंतरच्या दशकात जनुकीय द्रव्य व प्रथिने यांच्या तुलनेवरून असे दिसून आले की, उत्क्रांतीच्या वृक्षावर कवकांचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी अधिक निकटचे आहे. हा निष्कर्ष केवळ वर्गीकरणापुरता महत्त्वाचा नाही. औषधशास्त्रातील एका मोठ्या अडचणीचे मूळ त्यात आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

प्राणी अन्न गिळून मग पचवितो. कवक आधी पचविते व मग शोषून घेते. त्याचे सूक्ष्म तंतू अन्नद्रव्यात घुसतात, पाचक एंझाइमे बाहेर सोडतात आणि विरघळलेला अंश आत ओढून घेतात. घुसणे, विरघळविणे व शोषणे या तीन क्रियांवर कवकाचे सर्व जीवन उभे आहे.

मृत्तिकेतील कार्य

या तीन क्रियांचे निसर्गावर केवढे उपकार आहेत, हे अरण्यात पाहावे. लाकडाला काठिण्य देणारे लिग्निन हे द्रव्य विघटनास अत्यंत अवघड असते. त्याचे पूर्ण विघटन करण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने काही कवकांमध्येच आढळते. पडलेले वृक्ष व पालापाचोळा यांत बद्ध झालेली द्रव्ये त्यांच्यामुळे पुन्हा मातीत मिसळतात. हे कार्य थांबले तर अरण्ये आपल्याच मृत अवशेषांखाली गाडली जातील.

दुसरे कार्य जिवंत मुळांशी निगडित आहे. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी वृक्षमूळ व कवक यांच्या संयुक्त रचनेस ‘मायकोरायझा’, म्हणजे कवकमूळ, असे नाव दिले. या सहजीवनात कवक मातीतील फॉस्फरसादी द्रव्ये वनस्पतीला पुरविते आणि मोबदल्यात तिच्याकडून शर्करा व मेदद्रव्ये घेते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही या सहजीवनाच्या खुणा मिळतात. वनस्पती जमिनीवर स्थिरावू लागल्या त्या काळापासून कवके त्यांच्या सोबतीस आहेत, असा याचा अर्थ होय.

आरोग्याशी संबंध

कवकांचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि आपण ते प्रतिदिनी श्वासावाटे आत घेतो. तरीही निरोगी मनुष्यास बहुधा अपाय होत नाही. याची मुख्य कारणे दोन. पहिले, रक्तातील श्वेतपेशी हे बीजाणू नष्ट करतात. दुसरे, आपल्या देहाची उष्णता बहुसंख्य कवकांना सोसत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ३० ते ४० अंश सेल्सियस या मर्यादेत तापमान एकेका अंशाने वाढते तसतशा सुमारे ६ टक्के अधिक कवकजाती वाढण्यास असमर्थ ठरतात. ऱ्हायझोपस अऱ्हायझससारख्या ज्या मोजक्या जाती ही उष्णता सोसतात, त्यांच्याविरुद्ध श्वेतपेशींचा पहारा हाच मुख्य आधार उरतो.

अनियंत्रित मधुमेहात हा पहारा दुर्बळ होतो. शिवाय रक्तातील आम्लता वाढली म्हणजे एरवी प्रथिनांशी बद्ध असणारे लोह सुटे होते, आणि या कवकाच्या वाढीस लोह विशेष पोषक असते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेही रुग्णांना स्टेरॉइडे मोठ्या प्रमाणावर दिली गेली. त्यांनी रक्तशर्करा वाढली व श्वेतपेशींचे सामर्थ्य आणखी घटले. त्या वर्षी जुलैपर्यंतच्या अधिकृत आकड्यांनुसार देशात म्यूकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांत महाराष्ट्र व गुजरात यांचा समावेश होता.

या रोगास लोकांनी ‘काळी बुरशी’ म्हटले, परंतु ते नाव यथार्थ नाही. ऊतींत वाढणारे त्याचे तंतू वर्णहीन असतात. ते रक्तवाहिन्यांत शिरतात, तेथे रक्त गोठते, पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मृत होऊन काळा पडतो. काळेपणा कवकाचा नसून मृत ऊतींचा आहे. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे रक्तातून दिलेले औषधही पोहोचत नाही. म्हणूनच शल्यवैद्यांना डोळा किंवा जबडा काढण्यासारखे कठोर उपाय योजावे लागतात. लाकडात घुसणारा तंतू येथे रक्तवाहिनीत घुसतो, एवढाच फरक.

औषधांची अडचण

पेनिसिलिन जीवाणूच्या पेशीभित्तीच्या बांधणीत बिघाड करते. मनुष्याच्या पेशीला तशी भित्तीच नसल्याने आपणास त्यापासून फारसा धोका नसतो. कवकाचे तसे नाही. त्याच्या पेशीची आंतरिक घडण पुष्कळशी आपल्या पेशीसारखीच असल्याने कवकास मारणारे विष रुग्णासही बाधू शकते. नात्याची ही निकटताच येथे आड येते. उपयोगी पडतात ते थोडे भेद. त्यांतील प्रमुख असा की, आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर कवकाच्या पटलात एर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध या दुसऱ्या द्रव्याला चिकटते. पण दोन्ही द्रव्यांत साम्य असल्याने मूत्रपिंडासही इजा पोहोचते. मेदकणांत बसविलेले त्याचे रूप त्यामानाने सौम्य आहे; २०२१ मध्ये त्याचाच तुटवडा पडला व नातेवाइकांना गावोगाव वणवण करावी लागली.

ही औषधे मिळाली तीही मातीतूनच. नायस्टॅटिन १९५० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका शेताच्या मातीतून लाभले. ॲम्फोटेरिसिन त्याच दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्याच्या संशोधनशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी पुढील दशकात हॅमायसिन हे कवकनाशक शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्यास पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असे नाव देण्यात आले. या तिन्ही औषधांचे जनक स्ट्रेप्टोमायसिस वंशातील आहेत. त्यांची वाढ तंतुमय असल्याने पूर्वी त्यांना कवक समजत; वस्तुतः ते जीवाणू होत.

अभ्यासाची आवश्यकता

आजवर सुमारे दीड लाख कवकजातींना नावे मिळाली आहेत. २०१७ मधील एका अंदाजानुसार त्यांची खरी संख्या २२ ते ३८ लाख असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक कवकांची पहिली अग्रक्रम-यादी प्रसिद्ध केली, तीत १९ नोंदी आहेत. अफाट सृष्टीतून आपल्या देहात शिरणारे कवक कोणते, हे ओळखणे हे पहिले काम होय. सूक्ष्मदर्शकाखाली म्यूकर-गणातील तंतू रुंद, क्वचितच पडदे असलेले व बहुधा काटकोनात फुटलेले दिसतात. ॲस्परजिलसचे तंतू अरुंद, पडदेयुक्त व लघुकोनात फुटलेले असतात. ॲस्परजिलसवर सामान्यतः गुणकारी ठरणारे व्होरिकोनॅझोल म्यूकर-गणावर चालत नाही. म्हणजे तंतूच्या फांदीचा कोन पारखणाऱ्या दृष्टीवर रुग्णाचे औषध, आणि कित्येकदा त्याचे प्राणही, अवलंबून असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय कवकसंग्रहासारख्या ठिकाणी जपलेले नमुने व ते वाचू शकणारे अभ्यासक यांचे मोल साथ आल्यावर कळते. ते साथीपूर्वीच तयार असावे लागतात.