घड्याळातली उंची चुकतेय?

स्पोर्ट्स वॉच उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशोब मांडते. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाच्या लेखी आपण साधारण ८ मीटर वर चढलेलो असतो. आपल्याकडे सकाळी १० ते दुपारी ४ दरम्यान दाब रोजच ३-४ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे तंबूत झोपून राहिलात तरी २५-३० मीटरची चढाई फुकट! पावसाळी कमी दाबाचा पट्टा आला की फरक आणखी वाढतो. हा बिघाड नव्हे. ट्रेक सुरू करताना ठाऊक असलेली उंची घड्याळात भरा. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर ती लिहिलेली असते. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर धरा. जीपीएसवरून आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनवर मात्र फार विसंबू नका, त्याची उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते.

आकडा एकाच जागी अडकला किंवा वेड्यासारखा उड्या मारू लागला, तर सेन्सरच्या छिद्रात घाम, चिखल वा सनस्क्रीन साचले असणार. घड्याळ कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा, धुवा, वाळू द्या. टाचणी घालू नका. आतला पडदा फाटला तर सेन्सर कायमचा जाईल.