पाठवले खरे, पण पुन्हा विचारले का?

आमच्या सीमाभागात चांगल्या गळ्यांची वानवा कधीच नव्हती. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व मातृभाषेने कन्नड. पण त्यांचे मराठी गाणे घराघरांत पोहोचले. आज आमची मुले स्वतः शब्द रचतात, चाल लावतात आणि ध्वनिमुद्रणही करून घेतात. वानवा आहे ती वेगळ्याच गोष्टीची. गाणे वृत्तपत्राकडे पाठवले की आपले काम संपले, असे आपण समजतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सहा मराठी गीतांचा संच काढला. समितीतर्फे आम्हीच निवेदन लिहिले आणि चार वृत्तपत्रांना ई-मेलने धाडले. महिना लोटला तरी एक ओळ छापून आली नाही. बैठकीत सूर निघाला, 'मराठी म्हणून डावलले!' आम्हीही मान डोलावली. त्या चारांपैकी तीन वृत्तपत्रे मराठीच होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे एका कामानिमित्त त्यांतल्याच एका कार्यालयात जाणे झाले. उपसंपादकांनी आमचे निवेदन शोधून काढले. विषयाच्या जागी 'महत्त्वाचे' एवढाच शब्द, मजकूर दोन पाने, त्यात समितीच्या पदाधिकाऱ्यांची नावे अकरा. गायकाचे छायाचित्र नाही, गाणे कुठे ऐकायचे ते नाही, दूरध्वनी क्रमांकही नाही. ते शांतपणे म्हणाले, "सर, एक फोन तरी करायचा होता." विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने शेरे मारणारे आम्ही खजील होऊन परतलो.

भाषेच्या नावाने येथे अन्याय होतच नाही, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. फलकांपासून सरकारी कागदांपर्यंत त्याचा अनुभव आपण घेतच आहोत. पण प्रत्येक मौनाला अन्याय म्हटले, की खऱ्या अन्यायाची धार बोथट होते.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. कोणाला, कधी, काय पाठवले आणि उत्तर काय आले, याची तीत नोंद ठेवतो. निवेदन एका पानाचे. वर गायक, गीतकार व संगीतकाराची नावे, खाली गाण्याचा दुवा आणि क्रमांक. कार्यक्रमाच्या निदान पंधरा दिवस आधी ते जाते, कारण पुरवणीची पाने आधीच लागतात. चार-पाच दिवसांनी दुपारी फोन करायचा. सायंकाळी अंक बांधण्याची धांदल असते. 'का छापले नाही?' असे विचारायचे नाही. 'मिळाले का? आणखी काही हवे का?' एवढेच पुरे. आठवड्याने पुन्हा विचारताना हाती काही नवे असावे: कार्यक्रमाची तारीख, एखादे छायाचित्र. तरीही नकार आला तर तो हसून घ्यावा. पुढचे गाणे त्याच दारी न्यायचे असते. आणि छापून आले तर आभाराचा फोन चुकवू नये. आकाशवाणीची रीत निराळी. तेथे कलाकार म्हणून गायचे तर ऑडिशन द्यावी लागते. तेव्हा गाण्याविषयी नव्हे, अर्जाविषयी आणि ऑडिशनच्या तारखेविषयी विचारत राहावे.

राहिले ते चौथे, कन्नड वृत्तपत्र. त्यालाही आम्ही मराठीतच निवेदन धाडले होते! शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी ते कन्नडमध्ये लिहून दिले, आम्ही फोन केला, आणि सर्वांत आधी बातमी आली ती तिथेच. कार्यक्रमाला काही कन्नड श्रोते आले आणि शेवटच्या गीतापर्यंत बसले. मराठी गाणे मराठीतच राहिले; निमंत्रण तेवढे त्यांच्या भाषेत गेले. यात आपल्या मराठीचे काय उणे झाले?

त्या मुलाने आता नवी गीते रचायला घेतली आहेत. पहिल्या वेळी महिनाभर कोणी दखल घेतली नाही, तेव्हा तो हार्मोनियम विकायला निघाला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. गाणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी एक फोन उचलण्याचा आळस आपण करू नये, एवढीच पालकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती.