सामना आठला, परतीची गाडी नाही

शुक्रवारची मध्यरात्र उलटली, दीड वाजला आणि ओल्ड ट्रॅफर्डवर शिट्टी झाली. पॅट्रिक डॉर्गूचा गोल, मँचेस्टर युनायटेडचा न्यूकॅसलवर १-० असा विजय, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलंय. मी तो सामना जागून पाहिला. पण शेवटच्या दहा मिनिटांत माझं लक्ष चेंडूवर राहिलं नाही. स्टँडच्या कोपऱ्यात न्यूकॅसलहून आलेली मंडळी उभी होती, ती सारखी डोळ्यांपुढे येत होती. तिथे रात्रीचे दहा वाजत आले होते आणि तारीख होती २६ डिसेंबर २०२५. ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवशी रेल्वे बंद असते, दुसऱ्या दिवशीही जवळपास बंदच. मँचेस्टर ते न्यूकॅसल हे अंतर साधारण पुणे ते कोल्हापूर एवढं. रात्री दहाला स्वारगेटवर उभं राहावं आणि कोल्हापूरला जायला ना रेल्वे, ना एसटी, अशी त्यांची गत. कुणाची स्वतःची मोटार असेल, कुणी बस ठरवून आला असेल. बाकीचे आलेच नसतील.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, आपल्याकडच्या जत्रेसारखं स्थान आहे. शेफिल्ड आणि हॅलम या दोन क्लबांमधला पहिला सामना १८६० साली याच तारखेला झाला. १९६३ च्या बॉक्सिंग डेला पहिल्या विभागाच्या दहा सामन्यांत मिळून ६६ गोल झाले होते. फुलहॅमनं इप्सविचला १०-१ नं हरवलं तो हाच दिवस. घरातले सगळे जेवूनखाऊन सुस्तावलेले असतात, पाहुणे आलेले असतात, आजोबा नातवाला घेऊन दुपारी मैदानावर जातात. त्या दिवशी शक्यतो जवळच्या गावांचे सामने लावायचे, म्हणजे कुणाला लांब जावं लागत नाही, असा जुना शिरस्ता. २०२५ मध्ये मात्र प्रीमियर लीगच्या दहा सामन्यांपैकी त्या दिवशी खेळवला गेला एकच. सात दुसऱ्या दिवशी शनिवारी झाले, दोन रविवारी.

लीगचं स्पष्टीकरण आहे. युरोपातल्या स्पर्धा वाढल्या, एफए कपाला स्वतंत्र शनिवार-रविवार द्यावे लागले, त्यामुळे ३८ फेऱ्यांसाठी शनिवार-रविवार उरले ३३. यात खोटं काही नाही. पण या हिशेबातून फार तर सामना एकच का, एवढंच कळतं. तो रात्री आठला का, हे त्यातून कळत नाही. दुपारी एकला, तीनला तोच सामना खेळवता आला असता आणि न्यूकॅसलची माणसं रात्रीच्या जेवणाला घरी पोचली असती. आठची वेळ आली ती टीव्हीमुळे.

टीव्हीनं सामने हलवायला सुरुवात केली ती मात्र आजची नाही. आधी दुपारी तीनची वेळ कुठून आली ते पाहू. १८५० च्या कारखाना कायद्यानं इंग्लंडच्या कापडगिरण्यांमध्ये बायका आणि अल्पवयीन मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं. ती थांबली की गिरणीही थांबायची. दोनला भोंगा, घरी जाऊन चार घास, तीनला मैदान. लँकेशायरच्या गिरणीगावांत फुटबॉल फोफावला तो या मोकळ्या दुपारच्या जोरावर. मुंबईच्या गिरणगावाला आठवड्याची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं, नारायण मेघाजी लोखंडे यांना त्यासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. त्यामुळे सुट्टीच्या वेळेची किंमत आपल्याला परकी नाही. शनिवारचे तीन ही वेळ इंग्लंडच्या कामगारानं कमावलेली आहे आणि तिच्याकडे नुसतं वेळापत्रकातला एक रकाना म्हणून पाहता येत नाही, असं मला वाटतं.

त्या रकान्यात टीव्हीनं पहिल्यांदा हात घातला १० सप्टेंबर १९६० रोजी. आयटीव्ही वाहिनीनं फुटबॉल लीगशी करार केला आणि ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा सामना शनिवारी संध्याकाळी सात वाजायच्या थोडं आधी सुरू करायला लावला. स्टॅन्ले मॅथ्यूज खेळणार म्हणून सगळे टीव्हीपुढे बसले, तर ते जखमी. सामना रटाळ झाला, बोल्टननं १-० जिंकला. पुढच्या सामन्यांना आर्सेनल आणि टॉटनहॅमनं कॅमेरे आत घ्यायला नकार दिला आणि तो करार तिथेच संपला. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसायला त्यानंतर १९८३ पर्यंत थांबावं लागलं.

या मधल्या काळातला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. बॉब लॉर्ड. बर्नलीचा खाटीक, मटणाच्या दुकानांवर पैसा मिळवलेला आणि त्याच गावाच्या क्लबाचा अध्यक्ष झालेला. १९६४ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीनं 'मॅच ऑफ द डे' सुरू केलं. पहिला सामना लिव्हरपूल-आर्सेनल. त्या रात्री टीव्हीवर तो पाहणारे अंदाजे वीस हजार होते आणि अ‍ॅनफिल्डवर प्रत्यक्ष हजर असलेले त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे धोका अजून कुणाला दिसत नव्हता. लॉर्ड यांना दिसला. त्यांनी बीबीसीचे कॅमेरे बर्नलीच्या टर्फ मूर मैदानात पाच वर्षं येऊ दिले नाहीत. आणि त्यांनीच इतर क्लबांच्या अध्यक्षांना पटवलं, की शनिवारी दुपारी मोठ्या संघाचा सामना टीव्हीवर दिसू लागला तर लहान गावातला माणूस आपल्या गावच्या मैदानावर जाणार नाही, आणि तो गेला नाही तर तो क्लब बुडेल.

लॉर्ड काही संत नव्हते. १९७४ साली टीव्ही ज्यू लोक चालवतात असं म्हणत ते जे बोलले त्याचा निषेधच करायला हवा, आणि त्यांचा कारभारही एकखांबी होता. पण त्यांची ती एक समजूत बरोबर निघाली असं मी मानतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात कोणताही सामना थेट दाखवायचा नाही, हा नियम त्यांच्या आग्रहातून आला आणि आजही टिकून आहे. चौथ्या-पाचव्या विभागातल्या क्लबांना अजून हजारांनी माणसं येतात, आणि या नियमाचा त्यात वाटा नाही असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता या नियमाचा उलटा परिणाम पाहा. शनिवारी तीनचा सामना इंग्लंडमध्ये कुठेच थेट दिसत नाही, म्हणून टीव्हीला जो सामना दाखवायचाय तो तीनवरून उचलावा लागतो. शनिवार साडेबारा, शनिवार साडेपाच, रविवार दोन, रविवार साडेचार, शुक्रवार रात्र, सोमवार रात्र. जितके सामने विकले जातील तितके हलणार. १९९२-९३ मध्ये, प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात, स्काय वाहिनीनं ६० सामने थेट दाखवले. २०२५-२६ पासून लागू झालेल्या चार वर्षांच्या, ६७० कोटी पौंडांच्या करारात स्काय आणि टीएनटी या वाहिन्या मिळून वर्षाला किमान २६७ सामने दाखवणार आहेत. एकूण सामने ३८०. म्हणजे शनिवारी तीनचा सामना, जो एकेकाळी नियम होता, तो आता अपवाद झालाय.

यात आपणही आहोत. तीनचा जो सामना मँचेस्टरमधल्या माणसाला टीव्हीवर दिसत नाही, तो पुण्यात, नागपुरात, मडगावात आरामात दिसतो. हिवाळ्यात रात्री साडेआठला, उन्हाळी वेळेत साडेसातला, अगदी जेवणाच्या वेळी. साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाच-सहाला येतो, सिंगापूर-बँकॉकमध्ये संध्याकाळी सात-आठला. ही वेळ आशियातल्या प्रेक्षकाला सोन्यासारखी आहे. आणि त्याच वेळेसाठी लंडनचा चाहता न्यूकॅसलला जायला पहाटे अंधारात घर सोडतो. परदेशी प्रक्षेपणहक्कांतून येणारा पैसा २०२२ पासून ब्रिटनमधल्या हक्कांपेक्षाही जास्त झालाय. त्यामुळे 'टीव्ही कंपन्यांनी वाट लावली' असं म्हणून मला हात झटकता येत नाहीत. त्या कंपन्यांच्या हिशेबात माझंही वार्षिक सबस्क्रिप्शन धरलेलं आहे.

चाहत्यांची तक्रार नेमकी काय आहे, तेही नीट समजून घ्यायला हवं. टीव्ही नको असं कुणीही म्हणत नाही. वेळ उशिरा कळते, ही खरी तक्रार. जूनमध्ये वेळापत्रक जाहीर होतं. पुढे टीव्हीसाठी निवड होते आणि ती साधारण सहा आठवडे आधी सांगायची असं ठरलेलं आहे. पुष्कळदा तेवढंही पाळलं जात नाही. इकडे ब्रिटिश रेल्वेची स्वस्त तिकिटं सुमारे बारा आठवडे आधी खुली होतात. ती ठरावीक गाडीचीच असतात, परत केली तर पैसे मिळत नाहीत. लवकर काढावं तर सामना रविवारी सरकतो आणि तिकीट वाया जातं. थांबावं तर तेच तिकीट दुप्पट-तिप्पट भावानं घ्यावं लागतं. सोमवारी रात्री आठचा सामना दहाच्या सुमारास संपतो. लांबच्या गावाची शेवटची गाडी तोवर निघून गेलेली असते, मग हॉटेल आणि मंगळवारची रजा. पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत २०१६ पासून ३० पौंड आहे, तीही चाहत्यांनी भांडून मिळवलेली. पण ३० पौंडांच्या तिकिटामागे प्रवासाचा खर्च त्याच्या कितीतरी पट होत असेल, तर त्या सवलतीचं मोल उरतं किती?

आणि हेच लोक टीव्हीला हवेत. जून २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने सुरू झाले तेव्हा प्रक्षेपणात गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज घालावा लागला होता. तो गलका, ती गाणी, गोल झाल्यावर कोपऱ्यात उसळणारे दोन-तीन हजार लोक, हे नसलं तर आपण घरबसल्या पाहतो तो खेळ अर्धाच उरतो. त्या लोकांना या कामाचा एक पैसा मिळत नाही, उलट तेच पैसे भरून येतात.

मग करायचं काय? जर्मनीनं करून दाखवलंय. तिथे २०१७-१८ पासून बुंडेसलिगाचे काही सामने सोमवारी रात्री ठेवले गेले. वर्षाला जेमतेम पाच. इंग्लंडच्या मानानं हे काहीच नाही. तरी १९ फेब्रुवारी २०१८ ला फ्रँकफर्टमध्ये लाइपझिगविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू टाकले, टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या टाकल्या, शिट्ट्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. खेळ खोळंबला. पुढच्याच सोमवारी डॉर्टमुंडमध्ये लोक आलेच नाहीत. ८१ हजारांच्या स्टेडियममध्ये ५४ हजारांच्या आसपास माणसं. जगभर जिचे फोटो छापले जातात त्या पिवळ्या भिंतीला, उभ्यानं सामना पाहणाऱ्यांच्या त्या प्रचंड स्टँडला, भगदाडं पडलेली कॅमेऱ्यानं दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लीगनं जाहीर केलं, की २०२१-२२ पासून सोमवारचे सामने बंद. आणि ते बंद झाले.

जर्मन चाहता इंग्लिश चाहत्यापेक्षा जास्त तापट आहे असं नाही. जर्मनीत क्लबच्या मतांचा अर्ध्याहून मोठा हिस्सा सभासदांच्या हाती ठेवायचा नियम आहे. म्हणून तिथल्या अध्यक्षाला चाहत्यापुढे निवडणुकीला उभं राहावं लागतं. इंग्लंडमध्ये क्लबचा मालक अमेरिकेत किंवा आखातात असतो आणि चाहता हा गिऱ्हाईक. चाहत्यांची संघटना, फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन, निवेदनं देते, बैठकांना जाते. २०२३ मध्ये २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, वुल्व्हज-चेल्सी सामना टीव्हीसाठी लावला तेव्हाही तिनं कडक विरोध केला होता. १९९५ नंतर त्या दिवशी असा सामना झालेला नव्हता. सामना झालाच.

गोव्यातल्या वाचकांना हे वाचून वेगळंच दुःख होईल, याची मला जाणीव आहे. २०२५ चा डिसेंबर संपत आला तरी इंडियन सुपर लीगच्या २०२५-२६ हंगामाचा एकही सामना झालेला नव्हता. भारतीय फुटबॉल महासंघाचा जुना व्यावसायिक करार ८ डिसेंबरला संपला, नव्या निविदेला कुणी बोलीच लावली नव्हती. फातोर्ड्याच्या मैदानावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या संघाचा सौदी अरेबियातल्या अल-नस्रविरुद्ध आशियाई स्पर्धेतला सामना झाला, तेव्हा लोक किती आसुसलेले आहेत ते दिसलं. त्यांना सांगा सोमवारी रात्री आठला या, ते येतील. टीव्हीच्या पैशाशिवाय लीग उभी राहत नाही हे आपल्याकडे २०२५ मध्ये सिद्ध झालं, आणि म्हणूनच मी टीव्हीविरुद्ध लिहीत नाहीये. पैसा येतो, त्यातला थोडासा ज्यांची वेळ बदलली त्यांच्या परतीच्या प्रवासावर खर्च व्हावा, एवढंच म्हणणं आहे. बारा आठवडे आधी वेळ सांगा. त्यानंतर बदललीत तर वाया गेलेलं तिकीट भरून द्या. शेवटच्या गाडीनंतर संपणारा सामना लावायचाच असेल तर लीगनं बस सोडावी. पाहुण्या चाहत्यांची संख्या जास्तीत जास्त तीन हजार, म्हणजे साठ बस. ६७० कोटी पौंडांच्या करारात साठ बसचं डिझेल बसत नाही, हे मला मान्य नाही.

२०२६ मध्ये २६ डिसेंबर शनिवारी येतो. त्या दिवशी जास्त सामने ठेवू, असा शब्द लीगनं दिलाय. ते किती वाजता सुरू होतील, हे मात्र टीव्हीची निवड झाल्यावरच कळेल.